भर दुपारचे दिवे

खणकन पेला पडला आणि घरातली शांतता मोडली. संध्याकाळचे पाचच वाजले होते, तरी घरातल्या झाकोळात समोरचा पेला वृषालीच्या नवऱ्याला दिसला नव्हता.

तिनं फडकं घेतलं. "अहो, पिकअपचे दिवे भर दुपारीच आपोआप लागतात. शेजारच्या काकू विचारत होत्या, वरात काढलीय का! आता अंधार पडल्यावरच लागतील, असं करून ठेवलंय मी."

"कुणी सांगितलं होतं?" तो ताडकन उठला आणि दाराच्या चौकटीवर आपटला. "लवकर लागावेत म्हणून मुद्दाम ठेवलं होतं मी!"

तिच्या हातातलं फडकं थांबलं. उद्या पहाटे अंधारात त्याला द्राक्षं घेऊन घाट उतरायचा होता.

लेकीनं पेला उचलून बाबांच्या हातात दिला. "गाडीत बाबा मलाच विचारतात, समोरून काय येतंय. उद्या मी नसेन, मग घाटात कोण सांगेल गं, आई?"