फाईलचं नाव

बायको गेल्यावरही तिने मला पाठवलेले मेसेज तिच्या फोनमध्ये होते: बगीच्याला पाणी सोडलं का, गोळी घेतली का. माझ्याकडचे पुसले गेले होते, आणि आता तिचा फोनही बंद पडायला आला होता. स्क्रीन विझायची, पेटायची. मेसेज क्लाउडवर चढवायचा प्रोग्राम लेकीने, पूनमने, पुण्याहून मला इकडे सौंसरला पाठवला होता. तिचा फोन जोडून लॅपटॉपवर सुरू केला, तर फाईलला नाव मागू लागला. "'आई' टाकू?" मी माझ्या फोनवर पूनमला विचारलं. "नका बाबा! त्या नावानं मी तिथं आईची गाणी लिहून ठेवली हायेत. हे चढलं तं गाणी पुसल्या जातीन. आईचं नाव टाका." माझा हात अडला. जन्मभर तिला 'अवं' म्हणूनच हाक मारली होती. "लाजून राहिले का? लवकर टाका!" तिच्या फोनची स्क्रीन विझली, पेटली. मी मोठ्याने म्हणत टाइप केलं: जयवंता. फाईल चढली. पूनम काही सांगत होती. मी स्वयंपाकघराकडे पाहत होतो.