तोंड गोड

पोह्यांच्या बशा ठेवताना मंजिरीनं श्वास रोखून धरला. कालपासून पोटात अन्नाचा कण नव्हता, रात्रीपासून पाण्याचा थेंब नव्हता, आणि पोहे तिनंच केले होते. आई गेल्यापासून रायपूरच्या गुढियारीतल्या त्या घरात स्वयंपाक तिच्याकडेच होता.

पाहायला आलेली माणसं दोनच. निरंजन आणि त्याची आई विमलाबाई, गोंदियाचे. समाजाच्या मंडळात दिलेला फोटोसकट बायोडाटा पाहून काल फोन केला आणि म्हणे आजच येतो. मंजिरीच्या वडिलांना, यशवंतरावांना, नाही म्हणवेना. चालून आलेलं स्थळ कोण परत पाठवते?

पण मंजिरीचं आजच संध्याकाळी वजन होतं. उद्या शंकर नगरच्या हॉलमध्ये एमएमएच्या झुंजी होत्या. ठोसे, लाथा, कुस्ती, सगळं एकाच जाळीत. मंजिरी बावन्न किलोच्या गटात. जिंकणारीला पुण्याच्या कंपनीचा दोन वर्षांचा करार मिळणार होता, आणि वजनात बसली नाही तर न खेळताच हार. बापाशी तिचं ठरलं होतं: करार मिळाला तर लग्नाचं नाव काढायचं नाही, नाही मिळाला तर बाबा म्हणतील तिथं मुकाट बोहल्यावर. तोवर पाहुण्यांसमोर झुंजीचा झ नाही.

आणि नशीब पाहा, पोरगा निघाला नेमका त्याच खेळाचा वेडा.

पोहे खाता खाता तो मंजिरीच्या भावाशी, सचिनशी, उद्याच्या जोड्यांवर बोलू लागला. सचिनलाही राहवेना. सत्तर किलोवाला पोट्टा सत्त्याहत्तरच्या गटात उतरून राहिला, तो मार खाईल की नाही, यावर दोघांची चांगलीच जुंपली. निरंजन म्हणे, वजनदारासमोर तिसऱ्या राउंडला दम जातेच. सचिन म्हणे, उपाशी राहून वजन उतरवण्यापेक्षा भरल्या पोटी मार खाल्लेला बरा. 'उपाशी' तोंडून गेलं आणि त्यानं जीभ चावली.

मग गाडी मुलींच्या जोडीवर आली. पोस्टरवर खरी नावं नव्हती, 'रणचंडी' आणि 'चिंगारी' एवढंच. पोस्टरवरच्या रणचंडीनं केस आवळून वेण्या घातल्या होत्या आणि दात विचकले होते. इथं ती पदर सावरून भिंतीशी उभी होती. सचिन म्हणाला, रणचंडीनं एकदा कमरेला धरून खाली आणलं की चिंगारीचे लांब हात काय कामाचे?

निरंजन हसला.

"भैया, झुंज झाली तर ना. मले वाटते, तुमची रायपूरवाली वजनातच बसत नाही."

मंजिरी रिकाम्या बशा ट्रेमध्ये गोळा करू लागली. दुपारीच ती घरच्या काट्यावर चढली होती. बरोब्बर बावन्न. एक घोटही जास्तीचा परवडणार नव्हता.

विमलाबाईंचं या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. त्या मंजिरीलाच पाहत होत्या. मनगटावरचा काळानिळा डाग त्यांनी हेरला. दारात हात चेंगरला, हे ऐकून मान हलवली. ओठ काहून फाटले, तेही विचारलं. मग पिशवीतून पेढ्यांचा डबा काढला.

"ये बाई, बस माझ्याजवळ. तोंड गोड कर."

"काकू, माझा उपवास आहे."

उपवासाला पेढा चालते, त्या म्हणाल्या. निर्जळ आहे, मंजिरी म्हणाली. विमलाबाईंनी डबा काही मिटला नाही. आमची धाकटीही अशीच हट्टी, त्या कौतुकानं सांगू लागल्या. उद्या तिची परीक्षा, नाहीतर तिलाही आणलं असतं. मग आवाज उतरवून यशवंतरावांकडे वळल्या.

"भाऊ, आम्हाला मुलगी पसंत आहे. पण माझ्या हातचं घेतलं नाही, तर हिचा नकार आहे असंच मी समजीन."

यशवंतरावांनी लेकीकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मंजिरीनं सोसला असता, विनवणी होती. एका पेढ्यानं काय होते, तिनं मनाला समजावलं.

पेढा एकावर थांबला नाही. शुभकार्यात एक देत नाहीत म्हणून दुसरा आला. कोरड्या घशात तो अडकला, तशी विमलाबाईंनी आपला मठ्ठ्याचा गिलास तिच्या ओठाला लावला आणि पाठीवरून हात फिरवत राहिल्या. आई गेल्यावर असं कोणी भरवलं नव्हतं. मंजिरीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि गिलास कधी रिकामा झाला ते तिलाच कळलं नाही.

"आता कसं," विमलाबाई म्हणाल्या. गोंदियाची गाडी धरायची होती, लेकाला घेऊन त्या लगेच निघाल्या.

संध्याकाळी शंकर नगरच्या हॉलमध्ये काटा अडीचशे ग्रॅम पुढं गेला.

नियमानं एक तास मिळाला. मंजिरी प्लास्टिकचा सूट चढवून जिने चढली, उतरली, पुन्हा चढली. सचिन मागं धावत होता. पण सुकलेल्या अंगातून घाम तरी किती निघणार? यशवंतराव पायरीवर बसून माझ्यामुळं झालं, माझ्यामुळं झालं म्हणत होते.

"नाही बाबा," ती धापा टाकत म्हणाली. "त्या बिचारीनं मायेनं भरवलं."

दुसऱ्यांदाही काटा शंभर ग्रॅम पुढंच अडला. पंचानं मान हलवली. झुंज रद्द, करार चिंगारीचा, फक्त तिचं वजन व्हायचं होतं. मंजिरी भिंतीला टेकून खाली बसली आणि ढसाढसा रडली. यशवंतरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. जाऊ दे पोरी, म्हणाले, निदान घर तरी चांगलं मिळालं.

समोर चिंगारीचं नाव पुकारलं. कोणीतरी तिच्यापुढं टॉवेल आडवा धरला. ती काट्यावर चढली आणि बसली वजनात. टाळ्या झाल्या. टॉवेल धरणाऱ्या बाईनं तो खांद्यावर टाकला, पिशवीतून डबा काढला आणि पोरीच्या तोंडात पेढा घातला.

"झाली बाई परीक्षा," विमलाबाई म्हणाल्या. "घे, आता तू तोंड गोड कर."