पितळी छाती

पहाऱ्यावर डोळा लागला म्हणून वेरानिअसला मरणाची शिक्षा झाली. रोमन छावणीच्या रिवाजाप्रमाणे पलटणीचे अधिकारी ट्रिब्यूनसाहेब यांनी सोटा त्याच्या अंगाला नुसता टेकवला; ठेचून मारायचं काम त्याच्याच तुकडीने केलं.

महिन्याभराने साहेब नवंकोरं पितळी चिलखत घालून कवायतीच्या मैदानावर आले. त्यावर रुंद छाती, घट्ट पोट, सगळं जिवंत माणसासारखं घडवलेलं. बगलेतून ओघळणारी चरबी तेवढी साहेबांची स्वतःची.

वेरानिअसची बायको सेनिका तरातरा पुढे गेली. चिलखताच्या बरगडीवर एक तिरका वण होता, त्यावर तिने बोट ठेवलं.

"हा वण माझ्या नवऱ्याचा आहे."

"बाजूला हो, बाई."

"स्वतःच्या पोटाचा साचा काढायची लाज वाटली, म्हणून त्याला तांबटाकडे उभं केलंत. दिवसरात्र अंगावर ओला लेप घेऊन उभा होता तो. आणि तिथून पाठ टेकू न देता थेट पहाऱ्यावर धाडलंत."

"हाकला रे हिला," साहेब तुकडीवर खेकसले.

कुणी हललं नाही. सेनिका चिलखतावरचं बोट न काढता तुकडीकडे वळली.

"तुम्हीच मारलंत ना त्याला? तो बघा, अजून उभाच आहे. उचला सोटे."