सातवं देऊळ

"आई, हे बघ, आजचं सातवं देऊळ! नुसते रमतगमत गल्लीबोळ पालथे घालतोय." थायलंडमधल्या चियांग माईहून व्हिडिओ कॉल करणाऱ्या वरदचा उत्साह उतू चालला होता. मागून सूनबाई ओरडली, "आई, तुम्ही आहात म्हणून जमलं हो!"

इकडे सिंगापूरच्या सेंगकांग भागात, मुलाच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आठ महिन्यांच्या नातवाला खांद्यावर थोपटत मधुमतीबाईंनी फोनमधल्या बुद्धाला एका हातानेच नमस्कार केला. "इथलंही एखादं देऊळ दाखव म्हटलं होतं रे. परवा माझा इथे राहायचा पास संपतोय."

"तीन महिने कसे गेले कळलंच नाही बघ! पुढच्या वेळी नक्की." फोन बंद.

पुढच्या वेळी म्हणे! बाईने विमानतळ ते फ्लॅट एवढंच सिंगापूर पाहिलं होतं, बाकीचं स्वयंपाकघराच्या खिडकीतून. तान्ह्या पोराला टाकून जाणार तरी कुठे?

तेवढ्यात नागपूरहून विहीणबाईंचा फोन आला. परवा मधुमतीबाई निघणार, त्याच दिवशी त्या येऊन पोहोचणार होत्या. आवाजात आनंद मावत नव्हता.



"अहो, मी चालायचे नवे बूट घेतलेत! जावई म्हणाले, आई, तुम्ही नुसतं फिरायला या."