अंगठ्यावरचा चेहरा

पानावरचं सगळं रंगवून झालं होतं. फक्त तिचा चेहरा उघडायचा राहिला होता.

खाली घोड्यावर शाहजादा होता. त्याच्यामागे चिनार आणि चिनाराच्या बुंध्याशी चांदीचा वर्ख घोटून रंगवलेला झरा. वर खिडकीत शाहजादी. तिची ओढणी होती, कानांतले मोती होते आणि मोत्यांच्या मध्ये कोरा कागद. चेहरे सगळ्यांत शेवटी उघडायचे, म्हणजे रेखायचे, आणि ते उस्तादांनीच, ही हेरातच्या या चित्रशाळेची रीत.

उस्ताद सिराजुद्दीननी श्वास रोखून कुंचली खाली नेली. तिचं टोक कागदावर थरथरत राहिलं. त्यांनी हात मागे घेतला. सकाळपासून हेच चाललं होतं.

"दुपारी बांधणीवाला येतोय पानं न्यायला," शेजारी बसलेले मौलाना जहीर म्हणाले. चित्राच्या वरखालच्या कवितेच्या ओळी त्यांनी लिहिल्या होत्या. "बिनचेहऱ्याची शाहजादी बांधायची का पुस्तकात?"

"तू जागा सोडलीस चिमणीच्या घरट्याएवढी. मग वेळ लागणारच."

"जागेला नावं ठेवू नकोस, सिराज. गेल्या साली याहून लहान जागेत तू अख्खी फौज बसवलीस."

उस्तादांनी मागे वळून हाक मारली, "गौहर, इकडे ये."

त्यांची नात शिंपल्यात रंग कालवत होती. त्या चिनाराचं पान न् पान तिनेच रंगवलं होतं.

"आले, बाबाजान."

"बाबाजान घरी. इथे कोण?"

"उस्ताद."

"हं. कुंचली घे. शाहजादीचा चेहरा आज तू उघडायचास."

मौलाना उठून उभेच राहिले. "शुद्धीवर आहेस ना? पोरीच्या हातून एक थेंब सांडला, तर मला अख्खं पान पुन्हा लिहावं लागेल!"

"बस खाली. आधी ती इथे उघडेल." उस्तादांनी उजवा अंगठा पुढे केला.

अंगठ्याच्या नखावर कुंचली तपासायची सवय सगळ्याच चित्रकारांना असते. गौहरला त्यात नवल वाटलं नाही. तिने कुंचली टेकवली आणि लगेच उचलली.

"उस्ताद, हलतोय."

"दिसतंय मला. मग काय करशील?"

तिने त्यांचा अंगठा मुठीत घट्ट धरला. तो आणखीच थरथरू लागला. तिने मूठ सैल केली आणि नुसतं बघत राहिली. थरथर एकसारखी नव्हती. उस्तादांचा श्वास बाहेर पडून संपला की अंगठा क्षणभर विसावत होता. गौहर त्यांच्या श्वासाबरोबर श्वास घेऊ लागली. अंगठा विसावला की एक रेघ. मग थांबायचं. पुन्हा विसावला की भुवई. मग डोळे. मग ओठांचा लाल ठिपका.

मौलाना वाकले. नखावरून एक इवलीशी मुलगी वर बघत होती.

"ही तर तुझ्यावर चिडलीय, सिराज."

"चिडलेली नाही," गौहर म्हणाली. "वाट बघतेय."

उस्तादांनी पान तिच्यापुढे सरकवलं.

"हा कागद बघ. हा तर जरासुद्धा हलत नाही."

तिचं काम होईपर्यंत मौलाना आपल्या ओळींवर दुसरा कागद धरून बसले होते. तो कागद तेवढा थरथरत होता.

दुपारी बांधणीवाला पानं घेऊन गेला. अजान झाली. दोघे म्हातारे हौदावर नमाजाआधी हातपाय धुवायला बसले. उस्तादांनी चेहरा धुतला, कोपरापर्यंत हात धुतले, पाय धुतले. उजवा अंगठा मात्र त्यांनी पाण्यापासून लांब धरला होता.

"अंगठा राहिला तुझा," मौलाना म्हणाले.

"माहीत आहे रे," उस्ताद म्हणाले. "अजून जरा वेळ आहे."