गाण्यामागचा माणूस

‘‘तुमचं गाणं नाही हो बाई, गाण्यामागे ओरडतोय तो माणूस. तो कुठे असतो?’’

शाहिंदाच्या मांडीवरचा ऊद, तिचं तंतुवाद्य, घसरता घसरता राहिला. फोनवरची बाई पोर्ट सुदानहून बोलत होती. सित्तना तिचं नाव. ती ज्या दुकानात शिवणकाम करायची, तिथल्या मालकिणीने शाहिंदाची गाणी विकत घेतली होती. दुकानात दिवसभर तीच वाजायची.

‘‘शेंगदाणेवाला?’’ शाहिंदाने विचारलं. ‘‘तिजानीचाचा?’’

 पलीकडून हुंदका दाबल्यासारखा आवाज आला. ‘‘माझा नवरा आहे तो. तो गेला म्हणून त्याच्या नावाने फातिहासुद्धा पढला होता आम्ही, बाई...’’ आणि फोन तुटला.



ते गाणं तिने याच खोलीत रेकॉर्ड केलं होतं. उकाडा असा की खिडकी लावून घेणं शक्यच नव्हतं. शेवटच्या कडव्यानंतर ऊद थांबतो आणि खालून, कैरोतल्या अर्द अल-लिवा वस्तीच्या गल्लीतून, तिजानीची हाळी ऐकू येते. रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने नाक मुरडलं होतं. ‘‘गळा गोड आहे. पण हा गल्लीचा कालवा काढायचा, स्टुडिओत नव्याने गायचं आणि हक्क आमच्या नावावर करायचे.’’ शाहिंदाने त्याला चहा पाजून वाटेला लावलं. गाणी जशीच्या तशी इंटरनेटवर विकायला ठेवली, खाली स्वतःचा नंबर टाकून. ती हाळी तिला आवडायची. ‘‘तू गा पोरी, गिऱ्हाईक मी गोळा करतो,’’ असं तिजानी खालून ओरडायचा. कैरोत शेंगदाण्यांना सुदानीच म्हणतात आणि तिजानी होताच सुदानचा, त्यामुळे अख्खी गल्ली त्याची फिरकी घ्यायची. ‘‘काय रे सुदान्या, स्वतःला कितीला विकतोस?’’ तोही हसायचा. घरच्यांबद्दल मात्र चकार शब्द काढत नसे.

ती अनवाणीच जिना उतरली. तिजानी गाडीवरच्या शेगडीतले निखारे सारखे करत होता.

‘‘चाचा, सित्तना कोण?’’

चिमटा त्याच्या हातातून पडला. ‘‘हे नाव तुला कुणी सांगितलं?’’

‘‘ती जिवंत आहे. आत्ता तिचा फोन आला होता. गाण्यात तुमचा आवाज ओळखला तिने.’’

‘‘पोरी,’’ तो एकेक शब्द उचलल्यासारखा बोलला, ‘‘थट्टेला तुला माझं मेलेलंच माणूस सापडलं? बाजारातून परतलो तर बॉम्ब पडून घराच्या जागी ढिगारा झाला होता. या हातांनी विटा उपसल्या मी. सैनिकांनी बंदुका रोखून हाकललं, तेव्हा निघालो. बायको, दोन्ही मुली... सगळ्यांना तिथेच ठेवून आलोय.’’

‘‘नाही चाचा. ती पोर्ट सुदानला कपडे शिवतेय.’’

तो मटकन खाली बसला, रस्त्याच्या कडेलाच.  शेगडीवरचे दाणे करपायला लागले. एरवी एक दाणा काळा पडू न देणारा तिजानी, त्याने तिकडे पाहिलंही नाही.

तेवढ्यात फोन वाजला. तोच नंबर. शाहिंदाने स्पीकर लावला आणि फोन त्याच्यासमोर धरला.

‘‘बाई, मघाशी सांगायचं राहिलं.’’ सित्तनाला धाप लागली होती. तो आवाज कानावर पडताच तिजानीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. ‘‘त्याला काही म्हणजे काही सांगू नका. मी जिवंत आहे हेसुद्धा नको. पदरात दोन मुली...’’

मुली! तिजानीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तो आवाज न करता हसत होता.

‘‘...आणि एकट्या बाईला कुणी जगू देईना. घर पडलं तेव्हा आम्ही बाहेर होतो, नंतर त्याचा पत्ताच लागला नाही. काझीनेच ठरवलं, तो मेला म्हणून. गेल्या महिन्यात त्याच्या धाकट्या भावाशी माझा निकाह लागला. भला आहे बिचारा. मुलींना जीव लावतो. पण तिजानीला कळलं तर तो धावत येईल, आणि भावाभावांत रक्त सांडेल. तो जिवंत आहे ना? एवढंच सांगा. मला तेवढं पुरे.’’

तिजानीचं हसू चेहऱ्यावरच थिजलं. शाहिंदा फोन बंद करायला गेली. त्याने हातानेच तिला थांबवलं. मग तिच्याजवळ झुकून, ऐकू येईल न येईल अशा आवाजात तो म्हणाला,

‘‘सांग तिला, माणूस दुसराच निघाला.’’

शाहिंदाने फोन तोंडाशी घेतला. ‘‘ताई, मी विचारलं त्यांना. ते तुमचे नव्हेत. आवाज तेवढा सारखा आहे.’’



‘‘बरं,’’ सित्तना म्हणाली. ‘‘मग आत्ता तुमच्याशेजारी कुजबुजला, तो कोण?’’