बिब्बा

पाट मांडून अर्धा तास झाला, तरी सौरभ खोलीतून बाहेर येईना. अंगणात चार कोपऱ्यांना चार तांबे ठेवून सूत गुंडाळलं होतं. परातीत कालवलेली हळद वरून सुकायला लागली होती. कोऱ्हाळ्याहून दोनदा फोन येऊन गेला. नवरदेवाची उष्टी हळद तिकडं पोचल्याशिवाय नवरीला, सुकन्याला, हळद लागणार नव्हती, आणि ती घेऊन जाणारी जीप दारात उभी होती.

"लाजतोय गडी," कुणीतरी म्हणालं.

"आत्ताच लाजला तर परवा काय करंल?" शेजारची चतुराबाई म्हणाली, आणि सगळ्या बायका हसल्या.

विजयमालाही हसली. कडेवरचं दहा महिन्यांचं पोर तिनं सासूकडं दिलं आणि दिराला बोलवायला आत गेली.

खोलीत खोबरेल तेलाचा वास कोंदला होता. सौरभ लुंगी नेसून कॉटच्या कडेला पाय फाकून बसला होता.

"भावजी, चला की. बायका खोळंबल्यात."

"वैनी, हळद हितंच लावा. आंघोळ नको."

"असं कुठं असतं व्हय?"

तिनं त्याला उठवायला हात धरला. हात भाजत होता. तेवढ्यात कॉटखाली बोळा करून टाकलेला टॉवेल तिला दिसला. त्यावर काळे डाग होते, कडेनं तपकिरी. असे डाग तिनं माहेरी पाहिले होते. भेगेला बिब्बा लावताना आईच्या बोटांवर उतला, तेव्हा मनगटापर्यंत फोड आले होते आणि कातडं सालीसारखं निघालं होतं.

"बिब्बा लावलाय व्हय?"

"बिब्बा हाय ते मला काय म्हाईत? तेल म्हणून दिलं."

कुठं लावलं, ते तिनं विचारलं नाही. तो बसला होता त्यावरूनच कळत होतं.

मग भिंतीकडं तोंड करून त्यानं सांगितलं. मोबाईलवर बघून बघून दोन वर्षं त्याच्या डोक्यात एकच बसलं होतं, आपलं इतरांपेक्षा लहान आहे. लग्न ठरल्यावर झोप उडाली. महिनाभर थेंब थेंब लावायचं तेल त्यानं तीन दिवसांत संपवलं होतं. लग्न जवळ आलं होतं ना.

"लघवी कधी झाली?"

"काल सकाळी."

"उठा. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

"न्हाय. लग्न लागू दे. मग मेलो तरी चालंल. दवाखान्यातला कंपाउंडर कोऱ्हाळ्याचा हाय, वैनी. सुकन्याच्या भावकीतला." त्यानं तिचा पदर धरला. "तुमच्या पोराची शपथ हाय. कुणाला बोलायचं न्हाय."

बाहेर तिचं पोर रडत होतं. पदर सोडवून ती बाहेर आली, आणि पोराकडं न बघता सरळ मांडवात गेली.

सासरे, भानुदास आबा, पाहुण्यांत बसले होते. तिनं त्यांना खुणेनं गोठ्याच्या आडोशाला बोलावलं.

"आबा, भावजींना बिब्बा उतलाय."

"मग त्यात काय? खोबरं चावायला द्या. कुठं उतलाय?"

विजयमालानं पदर तोंडावर घेतला आणि मान फिरवली.

आबांच्या ध्यानात आलं. "लय?"

"कालपासनं लघवी झाली न्हाय. ताप हाय. लग्न झाल्याबिगार दवाखान्यात येत न्हाय म्हणत्यात."

आबांनी मांडवाकडं बघितलं. दीड-दोनशे माणूस होतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, घडी करून खिशात ठेवली आणि चालत अंगणाच्या मधोमध गेले. छातीवर हात ठेवला आणि मोकळ्या पाटाशेजारीच खाली बसले. सूत ताणलं, दोन तांबे कलंडले.

डीजे बंद पडला. बायका ओरडत धावल्या.

"कळ आली," आबा म्हणाले. "जीप आणा. सौरभ संगं पायजे. दुसरं कुणी नको."

विजयमालाचा नवरा संभाजी जीप घेऊन आला. भिंतीला धरून, पाय फाकत सौरभ बाहेर आला, तेव्हा चतुराबाईनं पदर डोळ्याला लावला. "बापाचं बघून पोराचं पाय गेलं गं," ती म्हणाली.

निरवांगी गाव मागं पडलं. दोन्ही बाजूंनी ऊस. संभाजी एका हातानं जीप चालवत फोनवर ओरडत होता, म्हाताऱ्या माणसाला घेऊन येतोय, छातीत दुखतंय, स्ट्रेचर तयार ठेवा. मागं आबा आडवे झाले होते. सौरभ त्यांच्या पायाशी एका कुशीवर टेकला होता. खड्डा आला की दातात धरलेला टॉवेल आणखी आवळत होता.

"दारात मीच उतरीन आधी," आबा डोळे मिटूनच म्हणाले. "डॉक्टर आत घेतील. मग मी सांगतो त्यांना."

सौरभनं मान हलवली.

"कुणाकडनं आणलंस?"

"बाजारात. तंबूवाल्या वैदूकडनं."

"वडाखालच्या?"

"व्हय."

संभाजीनं मागं वळून बघितलं. आबांनी हात छातीवर नीट ठेवला. तो पुढं बघायला लागल्यावर ते हळूच म्हणाले,

"मी गेलो तवा त्याचा बाप बसायचा तितं."